विश्रांति कीं परिश्रम?

फुफ्फुसाच्या रोग्यानें पडून राहावें कीं हिंडावें-फिरावें, हा प्रश्न घरगुती वाटला तरी त्याच्यामागें दीडशेंहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. आपल्या कुटुंबांतून मात्र त्याचा निकाल अद्यापि मायेनेंच होतो, विचारानें होत नाहीं. म्हणून तो इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

१८५४ सालीं हर्मान ब्रेमर यांनीं सायलेशिया प्रांतांतील गेर्बर्सडोर्फ येथें क्षयरोग्यांवर उपचार आरंभिले. क्षयरोग्याचें हृदय लहान व दुबळें असतें, अशी त्यांची समजूत. म्हणून ते रोग्यांस डोंगरवाटा चढावयास लावीत. त्यांचेच रोगी व पुढें साहाय्यक झालेले पेटर डेटवायलर यांनीं १८७६ सालीं फाल्कनस्टाइन येथें नेमका उलट मार्ग धरला. उघड्या सोप्यांत लांब खुर्चीवर तासन् तास निश्चल पडणें, हेंच त्यांचें औषध. पुष्कळ आरोग्यधामांनीं पुढें हीच रीत उचलली.

परंतु हातावर पोट असलेला मनुष्य महिनोन्‌महिने निजून राहिला, तर घरीं परतल्यावर त्यानें काम कसें करावें? १९०५ पासून इंग्लंडांत फ्रिमली येथें डॉ. मार्कस पॅटर्सन यांनीं या प्रश्नास उत्तर शोधिलें. प्रथम चालणें, मग टोपल्या वाहणें, मग फावडें चालविणें, अशा पायऱ्या त्यांनीं बांधिल्या. ताप चढला कीं विश्रांति. श्रमानें शरीर स्वतःसच लस टोंचून घेतें, ही त्यांची उपपत्ति टिकली नाहीं. पायरीपायरीनें श्रम वाढविण्याची रीत मात्र आजहि उपयोगी आहे.

या वादाचा निर्णायक पुरावा आपल्याच देशांत मिळाला. क्षयावर औषधें निघाल्यानंतर मद्रास येथें कांहीं रोग्यांस आरोग्यधामांत व कांहींस त्यांच्या गरीब घरींच ठेवून तींच औषधें देण्यांत आलीं. घरच्यांस आहार निकृष्ट, विश्रांति थोडी. तरीहि १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें वर्षाअखेर दोहोंचें फळ जवळजवळ सारखेंच होतें. गुण औषधाचा होता, खाटेचा नव्हे.

तथापि जंतु मेले तरी फुफ्फुसांतील व्रण उरतो. दगडाच्या धुळीनें, किंवा कित्येकदां अज्ञात कारणानेंहि, असे व्रण पडतात. फुफ्फुस ताठर होतें आणि प्राणवायु रक्तांत नीट उतरत नाहीं. चालतांना दम लागतो म्हणून रोगी बसतो. बसल्यानें पायांचे स्नायु क्षीण होतात. क्षीण स्नायूंमुळें थोड्या श्रमानेंहि अधिक दम लागतो. हें दुष्टचक्र रोगाइतकेंच घातक आहे. देखरेखीखालीं कांहीं आठवडे केलेल्या व्यायामानें अशा रोग्याची चाल वाढते व दम कमी जाणवतो, हें आतां सिद्ध आहे. व्रण त्यानें विरत नाहींत, आणि व्यायाम सुटला कीं लाभहि ओसरतो. श्रमांत कित्येकांचा प्राणवायु फार उतरतो. म्हणून मर्यादा वैद्यानेंच आंखून द्यावी, व लागल्यास प्राणवायूची नळी लावून चालावें.

रुग्णालयांत मिळविलेली ही शक्ति टिकावयाची ती घरींच. वडील माणसाच्या हातांतील तांब्या काढून घेणें आपणांस सेवा वाटते. त्यांना सावकाश, मध्यें थांबत, तो स्वतः भरूं देणें ही तिच्याहून कठीण व अधिक हितकर सेवा होय, असें आमचें मत आहे.