ओगस्ट उत्तरे

ब्रिजमध्ये भिडूने दोन बदाम किंवा दोन इस्पिक अशी दुबळी सुरुवात केल्यावर ‘दोन नो ट्रम्प’ बोलून त्याच्या पानांची चौकशी करतात. या चौकशीची ठरीव उत्तरे अमेरिकन खेळाडू हॅरॉल्ड ओगस्ट यांच्या नावाने ओळखली जातात. १९५७ च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत ते अमेरिकेच्या संघात होते.

आरंभी अशा चौकशीची गरजच नव्हती. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती बसवली आणि पुढे एली कल्बर्टसन यांच्या पद्धतीत दोनची सुरुवात म्हणजे भरभक्कम पाने, असे ठरले. तशी पाने क्वचितच येत, त्यामुळे ही बोली बहुधा पडूनच राही. हॉवर्ड शेंकेन यांनी उलट अर्थाची दोनची बोली प्रचारात आणली: एका रंगाची सहा पाने आणि साधारण ६ ते १० गुण. प्रतिस्पर्ध्यांना बोलायला जागा उरू नये, हा तिचा हेतू. भक्कम पानांसाठी दोन किलवर राखून ठेवले गेले.

हा अडसर भिडूच्याही वाटेत येतो. त्याच्याकडे १४-१५ गुण असले, तर गेम बोलावा की थांबावा, हे त्याला कळत नाही. ओगस्ट पद्धतीत सुरुवात करणारा दोन गोष्टी सांगतो: गुण किती आणि रंग कसा. एक्का, राजा, राणी यांपैकी दोन असल्यास रंग चांगला. तीन किलवर म्हणजे गुण कमी, रंग कच्चा. तीन चौकट म्हणजे गुण कमी, रंग चांगला. तीन बदाम म्हणजे गुण जास्त, रंग कच्चा. तीन इस्पिक म्हणजे दोन्ही उत्तम. तिन्ही मोठी पाने असल्यास तीन नो ट्रम्प.

समजा, दोन बदाम बोलणाऱ्याकडे बदामचे एक्का, राणी, गुलाम आणि किलवरचा राजा आहे. तो तीन इस्पिक सांगतो. भिडूकडे बदामचा राजा, इस्पिकचे एक्का-राजा आणि किलवरचा एक्का आहे. बदामचे सहा, इस्पिकचे दोन, किलवरचे दोन असे दहा हात दिसतात. तो चार बदाम बोलतो. उत्तर तीन किलवर आले असते, तर तीन बदामवर थांबणे शहाणपणाचे.

भिडूची पानेही दुबळी असून रंग जुळत असेल, तर चौकशी न करता तो थेट तीन किंवा चारवर जातो आणि अडसर वाढवतो. दोन नो ट्रम्पचा मूळ अर्थ या पद्धतीत सोडावा लागतो, शिवाय उत्तरे प्रतिस्पर्धीही ऐकतात. म्हणून काही जोड्या त्याऐवजी फक्त बाहेरच्या रंगातील मोठे पान विचारतात. कोणतीही पद्धत निवडली, तरी ती प्रतिस्पर्ध्यांना माहीत असणे नियमानुसार आवश्यक आहे.