ज्वारीची पेवं आणि शांतिसेना : सोमालिया, १९९१ ते १९९५

मागच्या व्याख्यानात आपण शांतिसेना ही कल्पना कुठून आली ते पाहिलं. आज ती जिथे सगळ्यात वाईट ठेचकाळली त्या देशाकडे वळू. सोमालिया म्हटलं की बहुतेकांना मोगादिशूत पडलेलं अमेरिकन हेलिकॉप्टर आठवतं, कारण त्यावर सिनेमा निघाला. आपण मात्र हेलिकॉप्टरपासून सुरुवात करणार नाही. सुरुवात करू ज्वारीपासून.

दक्षिण सोमालियात जुबा आणि शबेल्ले या दोन नद्यांच्या मधे बैदोआ नावाचं शहर आहे. सोमालिया हा मुख्यतः उंट आणि शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांचा देश, पण हा पट्टा शेतीचा. इथे ज्वारी पिकते. आणि ती साठवतात कशात, तर जमिनीत खणलेल्या पेवांत. सोलापूर-मराठवाड्याकडच्या श्रोत्यांना पेव म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. पाऊस हुकला तरी पेवात वर्षाची बेगमी असते, हा तिथल्याही शेतकऱ्याचा हिशोब. हे शेतकरी प्रामुख्याने राहनवेन समाजाचे. राजधानीत त्यांचं वजन नाही आणि हातात बंदुकाही फारशा नाहीत.

२६ जानेवारी १९९१ ला हुकूमशहा सियाद बारे मोगादिशूतून पळाला. १९६९ पासून तो सत्तेवर होता. पळाला तो दक्षिणेला, आणि पुढचं वर्ष-सव्वा वर्ष त्याचं उरलंसुरलं सैन्य आणि त्याच्या पाठलागावर असलेलं जनरल मोहम्मद फराह आयदीदचं सैन्य याच ज्वारीच्या पट्ट्यातून पुढेमागे जात राहिलं. जाताना पेवं फोडली, येतानाही फोडली. गुरं नेली, बियाणंसुद्धा ठेवलं नाही. त्यात पावसानेही दगा दिला. म्हणून ‘दुष्काळ पडला आणि माणसं मेली’ हे वाक्य आम्हाला अर्धवट वाटतं. पाऊस आधीही अनेकदा हुकला होता. या वेळी पेवं रिकामी होती.

आता प्रश्न असा की एवढ्या गरीब देशात इतकी शस्त्रं आली कुठून? उत्तर शीतयुद्धात आहे. १९७७ पर्यंत बारेला सोव्हिएत संघ शस्त्रं देत होता. ओगादेनसाठी सोमालियाने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा सोव्हिएत संघ इथिओपियाच्या बाजूला गेला, मग बारेला अमेरिकेने जवळ केलं. मदतीचंही तेच. त्या युद्धानंतर आलेल्या निर्वासितांचा आकडा सरकार १५ लाख सांगत होतं. देणगीदार आणि सरकार यांच्यात घासाघीस होऊन हिशोबासाठी ७ लाख धरला गेला. माणसांचा आकडा बाजारात ठरावा तसा ठरला! धान्याची मदत म्हणजे सत्ता टिकवायचं साधन, हे सोमाली पुढारी १९९१ च्या किती तरी आधी शिकले होते.

बारे गेल्यावर राजधानीसाठी आयदीद आणि अली महदी एकमेकांशी भिडले. दोघं एकाच संघटनेचे, एकाच हाविये कुळाचे, पण उपकुळं वेगळी. नोव्हेंबर १९९१ पासून चार महिने मोगादिशू दोघांच्या तोफांखाली होतं. या काळात देशात चलन म्हणून खरी किंमत उरली ती धान्याच्या पोत्याला. बंदरावर उतरलेल्या पोत्यातून पहारेकरी पोसायचा, ट्रकवाला पोसायचा आणि वाटेतल्या नाक्यावरची टोळीही पोसायची. मदत संस्थांना हत्यारबंद रखवालदार पगारावर ठेवावे लागले. तो खर्च ‘तांत्रिक साहाय्य’ या नावाखाली टाकत, म्हणून मागे मशीनगन बसवलेल्या पिकअपला ‘टेक्निकल’ हे नाव पडलं असं सांगतात.

इथे रेड क्रॉसने जे केलं ते नीट बघण्यासारखं आहे. त्यांनी सुकं धान्य वाटण्याऐवजी गावोगाव शेकडो स्वयंपाकघरं काढली. कारण अगदी साधं आहे. सुकं धान्य साठवता येतं, विकता येतं, त्याच्यावर बंदूक विकत घेता येते. शिजलेलं अन्न संध्याकाळपर्यंत आंबतं, ते कोण लुटणार? शिवाय ही स्वयंपाकघरं स्थानिक लोक, त्यातही बायका चालवत. दुसरा एक विचार असा होता की धान्य मुद्दाम व्यापाऱ्यांना विकायचं, म्हणजे बाजारभाव कोसळेल आणि लुटीत राम उरणार नाही. दोन्ही उपायांत सैन्य लागत नव्हतं. लागत होती ती माणसाच्या व्यवहाराची समज.

आणि न्यूयॉर्कमध्ये काय चाललं होतं? जानेवारी १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी लादली. देश आधीच शस्त्रांनी भरलेला, त्यामुळे तिचा परिणाम तुम्हीच ओळखा. एप्रिलमध्ये ५० निरीक्षक मंजूर झाले. विशेष प्रतिनिधी म्हणून अल्जेरियाचे मोहम्मद साहनून आले. हा माणूस प्रत्येक टोळीच्या म्होरक्याला भेटला, पण तेवढ्यावर थांबला नाही. गावोगावच्या वडीलधाऱ्यांकडेही गेला. ५०० पाकिस्तानी सैनिक येऊ द्यायला आयदीदला राजी करण्यात त्यांनी कित्येक आठवडे घालवले. ते सैनिक पोचायच्या आतच, ऑगस्टअखेर, आणखी ३,००० सैनिक पाठवायचा निर्णय न्यूयॉर्कहून जाहीर झाला. साहनूनना विचारलं नव्हतं, सोमाली पक्षांना तर नाहीच. महिनोन्‌महिने जमवलेला विश्वास एका ठरावात गेला. साहनून संयुक्त राष्ट्रांच्या कारभारावर उघड बोलू लागले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. आमच्या मते सोमालियाची गोष्ट फिरली ती इथे. हेलिकॉप्टर पडलं ते वर्षभरानंतर.

९ डिसेंबर १९९२ च्या पहाटे अमेरिकन सैनिक मोगादिशूच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा टीव्हीचे कॅमेरे दिवे लावून आधीच हजर होते. या मोहिमेत पुढे सुमारे ३७,००० सैनिक आले. त्याचा उपयोग झाला नाही असं आम्ही म्हणणार नाही. रस्ते उघडले, बैदोआला ट्रक पोचू लागले, नाक्यावरची वसुली थांबली. पण मृत्यूची लाट तोवर ओसरू लागली होती. शिखर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येऊन गेलं होतं. दोन लाखांहून जास्त माणसं गेली असा नंतरच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, आणि मदतीमुळे वाचलेल्यांपैकी बहुतेक जण सैन्य येण्याआधीच वाचले होते. जे सगळ्यात अशक्त होते, मुलं आणि म्हातारी माणसं, ते आधीच गेले होते.

पुढचं थोडक्यात. सरचिटणीस बुट्रोस घाली यांना टोळ्यांचं निःशस्त्रीकरण हवं होतं, अमेरिकेला त्यात पडायचं नव्हतं. मे १९९३ मध्ये सूत्रं संयुक्त राष्ट्रांकडे आली, तेव्हा सैन्य कमी झालं होतं आणि काम वाढलं होतं : आता टोळ्यांची शस्त्रं काढायची होती आणि देशही उभा करायचा होता. ५ जूनला आयदीदच्या शस्त्रसाठ्यांच्या तपासणीनंतर २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले. दुसऱ्याच दिवशी ठराव झाला, आयदीदला पकडून देणाऱ्याला २५,००० डॉलरचं इनाम लागलं, आणि मध्यस्थ म्हणून आलेली संस्था भांडणातला एक पक्ष झाली. ३ ऑक्टोबरला १८ अमेरिकन आणि कित्येक शे सोमाली मेले. सोमाली मृतांचा पक्का आकडा आजही कुणाकडे नाही.

याच सुमारास बैदोआ भागात भारताची ६६ वी स्वतंत्र ब्रिगेड आली. सुमारे ५,००० जवान, ब्रिगेडियर भगत यांच्या हाताखाली. त्यांत आपल्या परिचयाच्या महार रेजिमेंटचीही तुकडी होती. देशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांच्याकडे होता. त्यांनी विहिरी खणल्या, दवाखाने आणि गुरांचे दवाखानेही चालवले, आणि वडीलधाऱ्यांशी बोलणं चालू ठेवलं. आपलं सैन्य म्हणून कौतुकाने फुगून जायला नको : राजधानीतली आयदीदची शिकार त्यांच्या वाट्याला नव्हती, हाही मोठा फरक. आणि किंमत त्यांनीही दिली. ऑगस्ट १९९४ मध्ये दबा धरून झालेल्या हल्ल्यात सात जवान गेले, त्यानंतर काही दिवसांतच बैदोआत सैन्याचे तीन डॉक्टर मारले गेले. डिसेंबरमध्ये ब्रिगेड परतली, तेव्हा भारतीय नौदलाची जहाजं किनाऱ्याजवळ उभी होती.

याच वर्षांत उत्तरेला काय होत होतं तेही पाहा. सोमालीलँडने मे १९९१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, जगाने ते मानलं नव्हतं. १९९३ च्या पहिल्या काही महिन्यांत बोरामा गावी कुळांचे वडीलधारे बसले. बैठक दोन-चार दिवसांची नव्हती, महिनोन्‌महिने चालली. खर्चाचा बराचसा भार स्थानिक लोकांनी आणि परदेशी गेलेल्या सोमालींनी उचलला. त्यातून वडीलधाऱ्यांचं एक सभागृह, एक निवडलेलं सभागृह आणि राष्ट्राध्यक्ष अशी रचना निघाली. नंतर तिथेही लढाया झाल्या, पण घडी पुन्हा बसली. मोगादिशूवर अब्जावधी डॉलर खर्च होत असताना बोरामाकडे बघायला जगाला फुरसत नव्हती.

मार्च १९९५ च्या सुरुवातीला शेवटचे शांतिसैनिक मोगादिशूच्या किनाऱ्यावरून निघाले. आयदीद पुढच्या वर्षी लढाईतल्या जखमांनी मेला. दरम्यान एप्रिल १९९४ मध्ये रवांडात कत्तल सुरू झाली, तेव्हा सोमालियाने पोळलेल्या अमेरिकेला दुसऱ्या आफ्रिकी देशात पाऊल टाकायचं नव्हतं, आणि सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी कमी केली.

आणि बैदोआ? जुलै २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियात पुन्हा अधिकृत दुष्काळ जाहीर केला, त्यात हाच ज्वारीचा पट्टा होता. या वेळी तिथे अल-शबाबची सत्ता होती, त्यांनी अनेक मदत संस्थांना बंदी घातली होती. दुसरीकडे, धान्य दहशतवाद्यांच्या हाती पडलं तर खटला होईल या भीतीने देणगीदारांचेही हात आखडले होते. नंतरच्या अभ्यासानुसार सुमारे २,५८,००० माणसं मेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. बरीचशी दुष्काळ जाहीर व्हायच्या आधीच गेली होती.