पाठ मोबाईलवर पाठवताय? पीडीएफ, व्हिडिओ की ऑडिओ, आधी समोरचा फोन बघा

सोलापूर : शाळेचा पाठ असो, डाळिंबाच्या फवारणीची माहिती असो नाहीतर बचत गटाचं खातं कसं लिहायचं ते असो, आता सगळं मोबाईलवरच येतं. पाठवणारा मनापासून पाठवतो. पण कुणाच्या फोनवर अक्षरांच्या जागी भलत्याच खुणा दिसतात, कुणाचा फोन आधीच भरलेला असतो, कुणाच्या वस्तीवर रेंजच नसते. माहिती चांगली असूनही ती पोचत नाही, कारण फाईलचा प्रकार चुकलेला असतो. कोणता प्रकार कधी वापरायचा, याची ही माहिती आपल्या तालुक्यांतले शिक्षक, कृषिमित्र, गटप्रमुख आणि ग्रुप चालवणाऱ्या सगळ्यांसाठी.

या विषयाचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा. रणजितसिंह डिसले गुरुजी 2009 मध्ये तिथे रुजू झाले. तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक कळायला अवघड जायचं. गुरुजी कन्नड शिकले आणि पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायचा प्रयोग त्यांनी केला. कोड स्कॅन केला की कविता ऐकायला मिळायची, पाठाचा व्हिडिओ दिसायचा, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडायचा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले आणि 3 डिसेंबर 2020 ला गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. त्या प्रयोगात कागद काढून टाकलेला नव्हता. पुस्तक हातात होतंच, फोन नसला तरी पाठ वाचता येत होता. जे कागदावर नीट सांगता येत नाही, तेवढंच कोडच्या मागे ठेवलेलं होतं. कविता ऐकायची म्हणून ती आवाजात, कृती बघायची म्हणून ती व्हिडिओत.

मजकुरासाठी पीडीएफ

लिहिलेली माहिती पाठवायची तर पीडीएफला तोड नाही. अडोबी कंपनीने 1993 मध्ये हा प्रकार आणला आणि 2008 पासून तो आंतरराष्ट्रीय मानक झाला, त्यामुळे तो एका कंपनीच्या ताब्यात राहिला नाही. पीडीएफ करताना अक्षरांचा फॉन्ट फाईलमध्येच बसवता येतो. म्हणून संगणकावर दिसतं तसंच ते साध्या फोनवरही दिसतं. वर्डची फाईल तशीच पाठवली तर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की ओळी हलतात, तक्ता तुटतो. वर्डची मूळ फाईल आपल्याकडे जपून ठेवायची, कारण दुरुस्ती तिच्यातच करता येते. लोकांना पाठवायची ती पीडीएफ. बालभारतीसुद्धा आपली पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्येच देते.

पण पीडीएफ केली म्हणजे झालं, असं नाही. ए-फोर आकाराचं पान पाच-सहा इंची स्क्रीनवर उघडलं की अक्षर मुंगीएवढं दिसतं. मग बोटाने मोठं करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. म्हातारा माणूस दोन ओळींत फोन ठेवून देतो. पानाचा आकार ए-फाईव्ह किंवा त्याहून लहान घ्या, अक्षर मोठं ठेवा, एका पानावर एकच मुद्दा घ्या. पानं वाढली तरी हरकत नाही.

फॉन्टचं दुखणं

मराठीत ही अडचण जास्त आहे. आपल्याकडच्या छपाईवाल्यांकडे आणि बऱ्याच कार्यालयांत अजून श्रीलिपी, कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात. त्यात संगणकाच्या दृष्टीने अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर मुखवटा गळून पडतो आणि अगम्य इंग्रजी दिसायला लागते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, म्हणून ते कुठेही मराठीच राहतं. फोनच्या कीबोर्डवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच.

जुन्या फॉन्टमधली पीडीएफ दिसायला ठीक दिसते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही, एखादा परिच्छेद कॉपी केला की कचरा निघतो, आणि अंध व्यक्तीच्या फोनने ती वाचून दाखवायची तर काहीच धड वाचता येत नाही. नवीन माहिती तरी युनिकोडमध्येच लिहा. छपाईवाल्याला आधी सांगितलं तर तोही करून देतो.

फोटो

वहीच्या पानाचा फोटो काढून टाकायची सवय सगळ्यांनाच आहे. घाईत ठीक. पण व्हॉट्सअ‍ॅप फोटोचा आकार कमी करतं, त्यात बारीक अक्षर पुसट होतं. फोटो पाठवायचाच असेल तर अ‍ॅटॅचमध्ये जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ दर्जा तसाच राहतो. आयफोनवाल्यांनी फोटो जेपीजीत करून पाठवावा, कारण त्यांचा एचईआयसी प्रकार काही जुन्या अँड्रॉइडवर उघडत नाही.

व्हिडिओ कशाला आणि किती

बोर्डो मिश्रणाचंच बघा. सांगोला, पंढरपूरकडच्या डाळिंबवाल्यांना हे रोजचं आहे. 1 टक्का मिश्रणाला 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही, मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी सळई बुडवून बघायची, तिच्यावर तांब्याचा लाल थर चढला तर चुना कमी पडलाय. आता यातलं प्रमाण कागदावरच पाहिजे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सातव्या मिनिटाला ‘एक किलो’ म्हटलेलं शेतात पंप पाठीवर असताना कोण शोधणार? आणि अंदाजाने केलं तर पानं नि फळं करपतात. पण सळईवरचा लाल थर कसा दिसतो, ते शंभर शब्द लिहूनही कळत नाही, अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत कळतं. प्रमाण पीडीएफमध्ये, हाताची कृती व्हिडिओत, अशी वाटणी केली की दोन्ही कामाला येतात.

व्हिडिओ एमपी-फोरमध्ये ठेवा आणि त्याच्या आत एच-264 हा प्रकार असू द्या. नवे फोन कमी जागेत बसावा म्हणून एच-265 मध्ये चित्रण करतात, तो जुन्या फोनवर नुसता काळा दिसतो, आवाज तेवढा येतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे बदलता येतं.

आकाराचा हिशोब साधा आहे. सेकंदाला 1 मेगाबिट या दराने केलेला व्हिडिओ मिनिटाला साधारण साडेसात एमबी होतो, म्हणजे 10 मिनिटांचा 75 एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून 2 जीबीपर्यंत जातं खरं, पण जातं म्हणून पाठवायचं का? समोरच्याचा दिवसाचा डेटा आणि फोनची जागा त्याच्या पैशाची असते. 10 मिनिटांचा एक करण्यापेक्षा दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे करा. ज्याला जो पाहिजे तो उतरवून घेईल.

ऑडिओ

हा प्रकार लोक विसरूनच गेलेत. नुसतं बोलून सांगता येतं ते एमपी-थ्रीमध्ये द्या. सेकंदाला 64 किलोबिट दराने 10 मिनिटांचा आवाज 5 एमबीच्या आत बसतो. वाचता न येणाऱ्या बायाबापड्यांना, धारा काढताना, ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या ऐकता येतो. सीमेवरच्या गावांत अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे तोच मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलून पाठवता येतो, खर्च काही नाही.

लिंक आणि क्यूआर कोड

लिंक पाठवली की समोरच्याची जागा वाचते, पण प्रत्येक वेळी बघायला नेट लागतं. क्यूआर कोड म्हणजे बहुतेक वेळा छापलेली लिंकच. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने 1994 मध्ये तो गाडीच्या सुट्या भागांचा माग ठेवायला काढला. कोडच्या मागचा व्हिडिओ कुणी काढून टाकला की छापलेल्या पुस्तिकेवर नुसता काळा-पांढरा चौकोन उरतो. म्हणून कोडशेजारी मुख्य माहिती दोन ओळींत छापाच.

एपीके कधीच नको

‘पीएम किसान’ नाव लावलेल्या एपीके फाईली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून लोकांची बँक खाती रिकामी केल्याचे प्रकार झालेत. एपीके म्हणजे वाचायची फाईल नव्हे, ते अ‍ॅप असतं, उघडलं की फोनमध्ये बसतं. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आलं तरी उघडू नका, त्याचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पाठ, यादी, अर्जाचा नमुना असल्या गोष्टी एपीकेत कुणी देत नाही. फाईलच्या नावात शेवटी काय आहे ते बघायचं, डॉट पीडीएफ की डॉट एपीके.

आणि नाव धड ठेवा. ‘डॉक्युमेंट 1’, ‘फायनल नवीन’ असल्या नावांची फाईल आठ दिवसांनी कुणालाच सापडत नाही. ‘बोर्डो मिश्रण प्रमाण जून 2025’ असं लिहिलं की फोनमध्ये शोधलं तरी सापडतं, आणि पुढच्या वर्षी दुरुस्त केलेली फाईल आली की जुनी कोणती तेही कळतं.