जिरायत

आमच्या बारामती-इंदापूरकडे सोयरीक निघाली की मुलाचं शिक्षण, नोकरी विचारून होते आणि मग कुणीतरी मामा हळूच विचारतात, "जमीन जिरायत का बागायत?" उत्तर जिरायत आलं की चहा तेवढा होतो, बोलणी पुढे सरकतातच असं नाही.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात इतका कोरडा नाही. अरबीतून फारसीत आणि तिथून दफ्तराच्या वाटेने मराठीत आलेला हा शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ नुसता 'शेती'. तुर्कस्तानात १८६३ पासूनचा वारसा सांगणारी 'झिरात' बँक आहे, म्हणजे शेतकी बँक. पाणी असण्या-नसण्याचा त्यात काही संबंध नाही.

आपल्याकडे धान्याचं रान ते जिरायत आणि विहिरीवर मोट चालवून भिजवलेला मळा ते बागायत. 'बाग'सुद्धा फारसीच. एकाच घरात दोन्ही असायचं. ज्वारी-बाजरी जिरायतीत, थोडा भाजीपाला, ऊस विहिरीखाली. त्यात कमीजास्त मानायचं फारसं कारण नव्हतं.

१८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि चित्र पालटलं. पाणी उताराने जाणार, म्हणजे कॅनॉलच्या खालचं रान भिजणार आणि वरचं तसंच राहणार. १९२८ साली भाटघरचं मोठं धरण झालं, ऊस वाढला, पुढे कारखाने आले. रानाचा शब्द मग गावांना चिकटला. माळेगाव, सणसर बागायती. सुपे, मोरगाव, लोणी भापकर जिरायती. आजही लोक "आम्ही जिरायती भागातले" असं स्वतःची ओळख सांगावी तसं सांगतात.

कायद्यानेही या शब्दांना वजन दिलं. कमाल जमीन धारणेच्या १९७५ पासूनच्या मर्यादेत बारमाही पाण्याची १८ एकर, तर कोरडवाहू ५४ एकर. म्हणजे एकास तीन!

पण शब्द कायमचा नसतो, हे इंदापूरने दाखवलं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. भीमाकाठची गावं, पळसदेवचं जुनं देऊळ, सगळं पाण्याखाली गेलं. ज्यांची रानं काठावर उरली त्यांनी मोटारी टाकून पाणी उचललं आणि कालची जिरायत आज उसाची झाली. माती तीच, माणसं तीच, सातबाऱ्यावरचा शब्द तेवढा बदलला.

म्हणून वाटतं, जिरायत हा माणसाचा कमीपणा नव्हेच. कॅनॉलची रेघ कुठून गेली, एवढंच तो सांगतो. ज्या शब्दाचा अर्थ शेती, त्यात आपण फक्त 'पाणी नाही' एवढंच शिल्लक ठेवलं. पावसाच्या भरवशावर पेरणाऱ्यालाही शेतकरीच म्हणतात. सोयरिकीला बसणाऱ्या मामांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.