जपानी बाग विकत मिळत नाही

ठाणे पूर्वेला, कोपरीत, घराचे काम काढले की हल्ली गॅलरीच्या कोपऱ्यात ‘जपानी बाग’ हवी असते. ती कशी असावी याबद्दल मत ठाम आहे: पांढरेशुभ्र संगमरवरी गोटे, प्लॅस्टिकची हिरवळ, विजेवरचे कारंजे, दोन बांबू आणि मधोमध डोळे मिटलेली बुद्धमूर्ती. शिवाय ही बाग एकदा मांडली की तिला पुढे काही करावे लागत नाही, हेही गृहीत. हा पूर्वपक्ष कुठेच टिकत नाही.

क्योतोच्या र्‍योआनजी मंदिरातली कोरडी बाग जगप्रसिद्ध आहे. तिच्यात १५ दगड, पांढरी खडी आणि दगडांच्या पायथ्याशी शेवाळ एवढेच आहे. मूर्ती नाही. (ज्या महाराष्ट्रात लाखो लोक बुद्धाला वंदन करतात, तिथे त्याला कुंड्यांमध्ये शोभेला बसवताना थोडा विचार व्हावा.) देखभालीचे म्हणाल तर तिथली खडी पुन्हा पुन्हा दाताळ्याने ओढली जाते. जपानी बागांतल्या पाइनच्या जुन्या सुया तर माळी हाताने खुडतात. कमी सामानाची बाग जास्त राबवून घेते, कारण पडलेले एक पानही तिथे डोळ्यांत येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोपरीत चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरडे. शेवाळ टिकणार कसे? नाहीच टिकत, ऑक्टोबरनंतर ते तपकिरी पडते. पण शेवाळ ही अट घातली कुणी? पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतले, ती ओकायामाची कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली. तिची ख्याती मोकळ्या हिरवळीसाठी आहे. तिच्यात भाताचे खाचर आहे, चहाचा मळाही आहे. म्हणजे जपान्यांनीही बागेत आपल्या शिवारातलेच आणले. पलीकडचा किल्ला आणि टेकडी त्यांनी दृश्यात ‘उसनी’ घेतली. कोपरीतल्या वरच्या मजल्यावरून खाडीची कांदळवने किंवा पारसिकचा डोंगर दिसत असेल, तर ग्रिलला हिरवे कापड बांधून तो झाकण्याइतके अजपानी काही नाही.

‘मग यात जपानी उरले काय?’ मांडणी उरली. अकराव्या शतकातला ‘साकुतेइकी’ हा ग्रंथ सांगतो की मुख्य दगड आधी बसवा, बाकीचे त्याच्या मागणीप्रमाणे ठेवा. दगड कुठला, हे तो ग्रंथ ठरवत नाही. आपल्याकडे काळा पाषाण आहे. जपानी चहागृहांच्या वाटांवर जुन्या जात्यांचे दगड पाय ठेवायला बसवतात. आपल्या माळ्यावर पडलेले आजीचे जाते संगमरवरी गोट्यांपेक्षा त्या परंपरेच्या किती जवळचे! झाड हवे तर अनंत लावा. जपानी बागांतही तो असतो आणि कोकणच्या हवेत सुखाने वाढतो. छाटून आकार द्यायला कुंती उत्तम.

व्यवहाराचे दोन शब्द सांगायलाच हवेत. एक फूट लांब-रुंद-उंच काळ्या दगडाचे वजन सुमारे ८० किलो भरते, आणि घराच्या गॅलरीसाठी दर चौरस मीटरला साधारण ३०० किलोच भार धरलेला असतो. ओली मातीही जड. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय दगड चढवू नयेत. साठलेल्या पाण्याच्या कुंडात डेंग्यूचे डास आठवड्याभरात तयार होतात, म्हणून इथे कोरडीच बाग शहाणपणाची.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा आपली गॅलरी नुसती पाहा: ऊन कुठवर येते, सर कुठल्या बाजूने आत मारते, काय दिसते आणि काय झाकायला हवे. नर्सरीत त्यानंतर जा, आणि तिथेही एकच झाड घ्या.