ध्वनिफितींची देवघेव

सरकारी दफ्तरखान्यांवाचून इतिहासाची साधने टिकत नाहीत, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. आम्ही स्वतः दफ्तरांतच दिवस काढणारे असल्यामुळे ती आम्हांस सोयीचीही आहे. परंतु अमेरिकेतील एका रॉक वाद्यवृंदाच्या श्रोत्यांनी जे केले ते पाहिले म्हणजे या समजुतीस चांगलाच धक्का बसतो.

‘ग्रेटफुल डेड’ हा तो वाद्यवृंद. १९६५ साली तो कॅलिफोर्नियात उभा राहिला आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये त्याचा गिटारवादक व गायक जेरी गार्सिया वारल्यावर त्याच वर्षी विसर्जित झाला. या तीस वर्षांत त्याचे सुमारे २,३०० जाहीर कार्यक्रम झाले. रॉक म्हणजे तीन मिनिटांचे तेच गाणे रोज तसेच्या तसे म्हणणे, ही कल्पना येथे लागू पडत नाही. आज कोणते गाणे येणार हे श्रोत्यांस ठाऊक नसे. एक गाणे दुसऱ्यात विरघळून जाई आणि मधला विस्तार वीस-वीस मिनिटे चाले. रागाच्या बढतीत रमणाऱ्या आपल्या रसिकास यात फारसे परके वाटू नये. या वृंदाचा एक तालवादक मिकी हार्ट आणि आपले मुंबईचे झाकीर हुसेन हे १९७६ च्या ‘दिगा’ या ध्वनिमुद्रिकेत एकत्र वाजवताना ऐकू येतात, हेही येथे सांगून ठेवावे.

प्रत्येक रात्र जर निराळी, तर बाजारात मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकांनी रसिकाची तहान कशी भागावी? तेव्हा श्रोतेच यंत्रे घेऊन येऊ लागले. प्रारंभी हा सारा चोरीचा मामला होता. मायक्रोफोन कपड्यांत दडवायचा, यंत्र पिशवीच्या तळाशी घालायचे, आणि सापडलेच तर जप्ती. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या लेस किपेल याने अशा फितींच्या विनामूल्य देवघेवीसाठी एक मंडळ काढले. त्यातूनच १९७४ साली ‘रेलिक्स’ हे नियतकालिक जन्मास आले.

या व्यवहाराचा नियम एकच होता: फीत विकावयाची नाही. आपल्या फितीची नक्कल द्यावी, दुसऱ्याच्या फितीची घ्यावी. ज्याच्यापाशी देण्यासारखे काहीच नाही अशा नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च धाडला, की एखादा दिलदार संग्राहक रात्री जागून त्या भरून देई. नकलेची नक्कल होताना दर वेळी खरखर वाढत जाई. म्हणून फीत ‘कितव्या पिढीची’ याची चौकशी सोयरिकीतल्या कुळाइतकी कसोशीने होत असे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची बाजू पंचेचाळीस मिनिटांनी संपे. ती ऐन विस्ताराच्या मध्यावर उलटावी लागू नये म्हणून ध्वनिमुद्रण करणाराचा एक डोळा सतत घड्याळावर. सारे सभागृह नाचत असता हा गृहस्थ मात्र आपला स्तब्ध!

पुढे मायक्रोफोनांच्या काठ्यांचे असे रान माजले की ध्वनियोजकास रंगमंच दिसेना. अखेर २७ ऑक्टोबर १९८४ रोजी बर्कली येथे ध्वनियोजकाच्या मेजामागे या मंडळींसाठी स्वतंत्र जागा राखली गेली व तिची तिकिटेही वेगळी निघाली. यात औदार्य होते तशी सोयही होती. आमच्या मते दोन्ही एकत्र आली म्हणूनच ती व्यवस्था टिकली.

या देवघेवीतले सर्वांत गाजलेले ध्वनिमुद्रण मात्र श्रोत्याने केलेले नव्हे. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम वृंदाच्या ध्वनिमुद्रक बेटी कॅन्टर-जॅक्सन यांनी मुद्रित केला. पुढे बाईंवर विपन्नावस्था आली. सामान ठेवलेल्या गाळ्याचे भाडे थकले, आणि १९८६ च्या सुमारास त्यांच्या शेकडो फिती लिलावात गेल्या. घेणारांनी त्या जपल्या, त्यांच्या नकला निघाल्या आणि बार्टन हॉल घरोघर पोहोचला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत त्याचा समावेश केला. अधिकृत प्रकाशन झाले ते २०१७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी! तोवर रसिकांस तो तोंडपाठ झाला होता. ज्या बाईंच्या कानाने हे सारे टिपले, त्यांच्या हातून मात्र त्या फिती भाड्यापायी गेल्या, ही गोष्ट मनास लागून राहते.

पुढे इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात या मैफली सर्वांस मोकळ्या होऊ लागल्या. २००५ च्या नोव्हेंबरात वृंदाच्या बाजूने त्या उतरवून घेण्यास मनाई झाली आणि रसिक खवळले. वृंदाचा गीतकार जॉन पेरी बार्लोही रसिकांच्या बाजूने उभा राहिला. कायद्याने हक्क वृंदाचा, यात शंका नाही. पण ज्या फिती रसिकांनी पदरचा खर्च करून तीस वर्षे सांभाळल्या, त्यांवर त्यांचा काहीच अधिकार नाही, असे म्हणणे आम्हांस जड जाते. शेवटी तडजोड झाली. श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पुन्हा उतरवून घेता येऊ लागली. मेजावरून घेतलेली मात्र नुसती ऐकावयाची.

तेथील मुद्रणांसोबत बहुधा एक टिपण असते: तारीख, स्थळ, गाण्यांचा क्रम, मायक्रोफोन कोणता, तो कोठे उभा होता, मूळ फितीपासून किती नकला झाल्या. आमच्याकडच्या कित्येक फायलींवर इतकी चोख नोंद आढळत नाही. मेजावरची मुद्रणे निर्मळ असतात. श्रोत्यांच्या मुद्रणांत शेजाऱ्याचे खोकणे येते, कोणाची हाक येते, आणि गाण्याचे पहिले सूर ओळखीचे निघताच उठलेला कल्लोळ येतो. आम्हांस ही दुसरीच अधिक आवडतात.