जॅझची मैफल आणि छायाचित्रकार

जॅझचे नाव काढले की आपल्या दिल्लीकर मराठी घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर हलकीशी आठी उमटते. त्या संगीताचा आपला संबंध काय, असा त्यांचा प्रश्न असतो. संबंध जुना आहे. भगवानदादांचा १९५१ सालचा 'अलबेला' ज्यांनी पाहिला, त्यांनी चिक चॉकलेट ह्यांना वाजविताना पडद्यावर पाहिले आहे. हे गोमंतकीय ट्रम्पेटवादक. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. सी. रामचंद्रांच्या चालींना जो पाश्चात्त्य झोक आला, त्यात अशा वादकांचा मोठा वाटा होता. गाणी घरोघरी पोचली, परंतु वाजविणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली. त्यांचे चेहरे उरले ते छायाचित्रांत.

दिल्लीलाही हे संगीत परके नव्हते. सप्टेंबर १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आपल्या वाद्यवृंदासह अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर येथे आले आणि येथेच आजारी पडून त्यांना इस्पितळात राहावे लागले. १९७८ साली निरंजन झवेरी ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू झाली; तिचे कार्यक्रम पुढे दिल्लीतही झाले. अलीकडच्या काळात भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने नेहरू पार्कात जॅझचे महोत्सव भरविले, तेव्हा हिरवळीवर सहकुटुंब बसलेली मंडळी आपण पाहिलीच असतील.

अशा मैफलीत छायाचित्र घेणे हे सोपे काम नव्हे. रंगमंचावर उजेड बेताचा, आणि फ्लॅश उडविणे म्हणजे वादकाच्या तंद्रीवर दगड मारणे. फिल्मच्या काळात ४०० वेगाची फिल्म घालूनही शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतके मंद ठेवावे लागे. तेवढ्यात सॅक्सोफोनवाला डोलला की चेहऱ्याचा धूर झालाच! छत्तीस चित्रांच्या रोलमधून दोनतीन हाती लागली तरी पुष्कळ. म्हणून ह्या कामात डोळ्याआधी कान लागतो. ट्रम्पेट फुंकताना गाल फुगतात, डोळे मिटतात. तान संपवून वादक वाद्य ओठांवरून खाली घेतो, त्या अर्ध्या श्वासात त्याचा खरा चेहरा दिसतो. तान कोठे संपणार हे ज्याला ऐकून उमगते, तोच तो क्षण धरू शकतो. ड्रमच्या गजरात शटरचा आवाज बुडून जातो. एकटा बास वाजू लागला की तोच आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतो. आपल्या आलापीत तर विचारूच नये. दिल्लीचे अविनाश पसरिचा ह्यांनी अनेक दशके गायक-वादकांची आणि नर्तकांची छायाचित्रे घेतली. ती पाहताना हा संयम पदोपदी जाणवतो.

न्यूयॉर्कच्या हर्मन लेनर्ड ह्यांनी १९४८ साली डेक्स्टर गॉर्डन ह्यांचे चित्र घेताना दिवा मागे ठेवला आणि सिगारेटचा धूर उजळून निघाला. ते चित्र जगप्रसिद्ध आहे. मला स्वतःला मात्र विल्यम गॉटलिब ह्यांचे काम अधिक मोलाचे वाटते. वॉशिंग्टनच्या एका वृत्तपत्रात ते जॅझवर सदर लिहीत. पत्र छायाचित्रकाराचा खर्च देईना, म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेरा घेतला. बल्ब महाग, तेव्हा प्रत्येक चित्र आधी मनात काढून मगच कळ दाबायची. १९३८ ते १९४८ ह्या दहा वर्षांतील त्यांची चित्रे आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. कोण वाजवीत आहे, कोठे वाजवीत आहे, ह्याची नोंद तेथे जतन केलेली आहे.

ह्या अंकासाठी मंडळाच्या कपाटातील जुनी पाकिटे चाळताना मला हे वारंवार आठवले. गणेशोत्सवातील एका ऑर्केस्ट्राचे कृष्णधवल चित्र सापडले. मागे कनात, एका बाजूला पेटीवाल्याची बाही, आणि मध्यभागी गाल फुगवून ट्रम्पेट वाजविणारा कृश तरुण. चित्र उत्तम आहे. ज्याने काढले त्याला कान होता. पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेला केवळ एक क्रमांक आहे, नाव नाही, साल नाही. कोणास त्या तरुणाची वा छायाचित्रकाराची ओळख पटल्यास मंडळाच्या कार्यालयात अवश्य कळवावे; ते चित्र सूचनाफलकाशेजारी लावून ठेवले आहे.